दहा हजार ठिपके
डोंगरातला जीपीएस : लेखांक ५

मागच्या आठवड्यात रिसीव्हरला उपग्रह सापडेपर्यंत मोकळ्यावर थांबायचं, हे पाहिलं. आता दिवसभरात त्याने काय टिपायचं ते ठरवू. मेनूतलं हे पान बहुतेक जण उघडतच नाहीत. मी उघडलं आणि नको ते करून बसलो.

बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाला निघालो होतो, रविवारी पहाटे ५ ला. रेकॉर्डिंगचा इंटरव्हल मोठ्या हौसेने १ सेकंदावर ठेवलेला. ठिपके जितके दाट तितकी रांगोळी सुबक, असा माझा हिशेब. दुपारी १ ला कोकणकड्यावर पोचलो, तासभर पिठलं-भाकरी झाली, २ ला यंत्र बंद केलं. घरी फाइल उघडली तर ट्रॅक सुरू होत होता ११ वाजून १३ मिनिटांनी! त्या यंत्रात १०,००० पॉइंट मावतात. सेकंदाला एक म्हटलं की २ तास ४६ मिनिटांत वही भरते. भरल्यावर जुनं पुसून पुढे लिहायचं, असं मीच सांगून ठेवलेलं. ते इमानेइतबारे पुसत गेलं. त्यातही ३,६०० पॉइंट निव्वळ पिठल्याचे. बसल्या जागीसुद्धा यंत्राला आपण दोन-चार मीटर इकडेतिकडे हललेले दिसतो. नकाशावर कड्याच्या काठाशी नुसता गुंतवळ, आणि तोही एकूण चालीत धरलेला.

मग ठेवायचं किती? ५ सेकंदांवर तीच वही जवळपास १४ तास पुरते. सपाटीला माणूस तेवढ्यात पाच-सहा मीटर चालतो. यंत्राची चूकच साधारण तेवढी, त्यामुळे चालणाऱ्याने याहून दाट टिपण्यात राम नाही. वेळेऐवजी अंतर निवडलं, समजा १० मीटर, तर जेवणाचा गुंता बराचसा टळतो. नळीत मात्र दोन्हीकडचे कडे सिग्नल परतवतात आणि ठिपका मधूनच भलत्या कड्यावर उडी मारतो. त्याला कुठल्याच सेटिंगमध्ये औषध नाही. मी हल्ली ‘ऑटो’वर ठेवतो : सरळ चालीत विरळ, वळणावर दाट. मुक्कामी ट्रेक असेल तर रोज रात्री ट्रॅक सेव्ह करतो. पण काही जुनी यंत्रं सेव्ह करताना ठिपके कमी करतात, वेळाही गाळतात. घराभोवती एक फेरी मारून हे आधीच तपासा.

वेळेवरून आठवलं. जीपीएक्स फाइलीतली वेळ आपल्या घड्याळाची नसते, यूटीसी असते, म्हणजे साडेपाच तास मागे. फोटो ट्रॅकवर बसवताना हा फरक भरावा लागतो, नाहीतर कड्यावरचा फोटो भलत्याच जागी जाऊन बसतो. पुढच्या हिवाळ्यात ५ सेकंदांवर तीच वाट पुन्हा केली. या वेळी ट्रॅक बेलपाड्यापासून अख्खा मिळाला. रविवारी पहाटे ५ ला निघालेले आम्ही फाइलीत मात्र शनिवारी रात्री साडेअकरालाच वाटेला लागलो होतो.