चुनखडीच्या जमिनीत गुलाब: जातीबरोबर खुंटही विचारा

रोपवाटिकेत गेल्यावर आपण जात विचारतो. ग्लॅडिएटर आहे का, दांडा किती लांब येतो, दर काय? खुंट कोणता, हे क्वचितच कोणी विचारतो. पण जमिनीत मुळे खुंटाची असतात आणि लागवडीनंतर ती बदलता येत नाहीत. पुढची चार-पाच वर्षे बाग त्यांच्यावरच काढायची असते.

गुलाबाला साधारण ६ ते ७ सामू मानवतो. सोलापूर, अहिल्यानगरच्या कोरड्या पट्ट्यात अनेक रानांचा सामू ८ च्या पुढे असतो. अशा मातीत लोह असते, पण मुळांना मिळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचे जड पाणी त्यात भरच घालते.

मल्टिफ्लोराचे फाटे झटपट मुळे धरतात, म्हणून रोपवाटिकेला तो सोयीचा. मात्र त्याला दमट हवा आणि किंचित आम्ल माती लागते. चुनखडीत तो दम धरत नाही. कोरड्या, विम्ल जमिनीसाठी रोझा इंडिका ओडोराटा निवडावा. उत्तरेच्या मैदानी भागात एडवर्ड खुंटही चालतो. पॉलिहाउसमधल्या नॅटल ब्रायरचे उत्पन्न पाहून भुलू नका. तिथे पाण्याचा सामू रोज सांभाळला जातो.

विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नका. डोळ्याच्या खालून फुटवा आला असेल तर त्याच्या पानाच्या देठाचे बूड पाहा. तिथली उपपर्णे झालरीसारखी चिरलेली असतील, तर खुंट मल्टिफ्लोराचा. (फुटवा पाहून झाला की बुडापासून काढा, नाहीतर तो कलमाचे अन्न खातो.) मोठी लागवड असेल तर ओडोराटाचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे फाटे लावून स्वतः खुंट तयार करावेत आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत डोळे भरावेत.

तरीही खुंट सगळे निभावून नेत नाही. आधी माती तपासा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर माती फसफसली, तर मुक्त चुना आहे. तिथे जिप्समवर पैसे घालवू नका. त्याचा उपयोग सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत. चुनखडीत भरपूर शेणखत घाला. पिवळेपणा दिसल्यास जमिनीतून ईडीडीएचए स्वरूपातले चिलेटेड लोह द्या. ईडीटीएचे स्वस्त पडते, पण एवढ्या सामूला ते मातीत टिकत नाही.