संगणकाच्या पोटात : पिवळी तार कोणाची?

मागच्या भागात कॅबिनेटमध्ये हवा कशी खेळती ठेवायची ते पाहिलं. आता तो पंखाच रुसला तर काय करायचं ते पाहू, आणि तेही आपणच त्याच्या तारांना हात लावल्यावर रुसला असेल तर. मदरबोर्डवर जागा उरत नाही किंवा आवाज कमी करायचा असतो, म्हणून लोक पंख्याचा कनेक्टर कापून तारा थेट एसएमपीएसच्या मोलेक्सला जोडतात. घोळ होतो तो इथे, आणि बहुतेक वेळा रंगावर भरवसा ठेवल्यामुळे.

मोलेक्समध्ये पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल तारेत ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या तारा ग्राउंडच्या. तीन तारांच्या नेहमीच्या पंख्यात मात्र १२ व्होल्ट लाल तारेला लागतात. पिवळी तिथे वीज घेतच नाही. पंखा किती फेरे मारतोय ते ती मदरबोर्डला कळवते, दर फेऱ्याला दोन ठोके देऊन.

ओळखीतल्या एका मुलाने लालला लाल, पिवळीला पिवळी, काळीला काळी अशी नीटनेटकी जोडणी केली. पंखा फिरला, शिवाय आवाजही कमी झाला. गडी खूश! प्रत्यक्षात मोटरला १२ऐवजी ५ व्होल्ट मिळत होते म्हणून ती संथ होती आणि फेरे मोजणाऱ्या तारेत सरळ १२ व्होल्ट घुसले होते. त्या तारेच्या आतल्या टोकाला एक चिमुकला ट्रान्झिस्टर असतो. त्याने ती तार ठरावीक लयीत ग्राउंडला टेकवायची, एवढंच त्याचं काम. वाटेत कसलाही रोध नसताना १२ व्होल्ट मिळाले की त्याचं आयुष्य संपलंच. पुढे तोच पंखा मदरबोर्डला लावला तेव्हा तो झकास फिरत होता, पण बायोसमध्ये फेरे दिसत होते शून्य.

चार तारांच्या पंख्यात रंग पुन्हा बदलतात. तिथे पिवळीत १२ व्होल्ट, हिरवी फेरे मोजणारी आणि निळी वेग ठरवणारी. काही कंपन्या तर चारही तारा काळ्याच देतात. म्हणून रंग विसरा आणि कनेक्टरमधली जागा पाहा. पहिली पिन ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्टची, तिसरी फेऱ्यांची, चौथी वेगाची. तीन तारांचा पंखा चार पिनांवर लावला की मोकळी राहते ती चौथी.

हा क्रम डोक्यात असला की लक्षणावरून दोष सांगता येतो. पंखा कायम पूर्ण वेगाने घोंघावत असेल तर निळी तार तुटली असेल, कारण तिच्याकडून हुकूम आला नाही की पंखा सुसाट सुटतो. (तीन तारांचा पंखा असेल तर आधी बायोसमध्ये त्या हेडरचं सेटिंग डीसी आहे ना ते बघा.) फिरतोय पण फेरे शून्य, तर तिसरी तार. अजिबात हलत नसेल तर पहिल्या दोनांपैकी एक. उलटसुलट जोडला तर हा पंखा उलटा फिरत नाही. गप्प बसतो, आणि आत संरक्षक डायोड नसेल तर जळतो.

पंखा मेला की हेडर, हे ठरवायला दुसरा चांगला पंखा त्याच हेडरवर लावून पाहा. तोही फिरला नाही तर दोष मदरबोर्डकडे. बऱ्याच हेडरांची मर्यादा १ अँपिअर असते. स्प्लिटर लावून पंख्यांची रांग जोडण्याआधी प्रत्येकाच्या लेबलवरचे अँपिअर बेरजेला घ्या. संशयित पंखा बाहेर काढून ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीलाही लावता येतो: दुसरी पिन धनाला, पहिली ऋणाला. धडधाकट पंखा बहुधा संथपणे फिरू लागतो. नुसता थरथरत असेल तर बोटाने हलकेच ढकला. तेवढ्याने सुरू झाला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा बेअरिंग जाम आहे.

संगणकच चालू होत नसेल तर बहुधा कुठेतरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत आणि एसएमपीएसने स्वतःला बंद करून घेतलं आहे. भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा, मिनिटभर थांबा, तो पंखा सोडवा आणि मग पुन्हा चालू करा. मल्टिमीटरने कंटिन्यूटी तपासायची तीही प्लग काढलेला असतानाच.

पंख्याची काळी तार मोलेक्सच्या ५ व्होल्टला जोडून ७ व्होल्ट मिळवण्याचा जुना जुगाड अजूनही कोणी कोणी सांगतं. माझं मत विचाराल तर तो आता सोडून द्यावा. पंखा आतून शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या वाटेवर येतात, आणि त्याच वाटेवर यूएसबी आणि साटा एसएसडी बसलेले असतात. आजचे मदरबोर्ड वेग स्वतःच कमी करतात.

राहिला तो फेरे न सांगणारा पंखा. तो फेकू नका. बायोसमध्ये त्या हेडरची देखरेख ‘इग्नोर’ करा आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खुशाल वापरा. प्रोसेसरच्या कूलरवर मात्र तो लावायचा नाही, कारण तिथे पंखा थांबला तर ते मदरबोर्डला वेळेवर कळायलाच हवं.