एमएक्स : एका ओळीवर उभं टपाल

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीने स्वतःचं डोमेन घेतलं, वेबसाइट केली आणि कार्डावर ईमेल मात्र जीमेलचाच छापला, असं सर्रास दिसतं. डोमेनचे पैसे दरवर्षी भरायचे आणि पत्रव्यवहार दुसऱ्याच्या नावाने चालवायचा, हे मला पटत नाही. पेढीच्या नावावर टपाल यायला मुख्यतः एक नोंद लागते, ती म्हणजे एमएक्स.

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी पत्त्यात ॲटचं चिन्ह आणलं, तेव्हा चिन्हाच्या उजवीकडे प्रत्यक्ष यंत्राचं नाव असे. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांच्या आरएफसी ९७४ या दस्तऐवजाने एमएक्सचे नियम घालून दिले आणि पत्ता यंत्रापासून सुटला. आज एका कंपनीकडे टपाल ठेवा, उद्या दुसरीकडे न्या. कार्ड तेच राहतं.

चालतं ते असं. मेल पाठवणारा सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतो, या डोमेनचं टपाल कोण घेतं? उत्तरात सर्व्हरचं नाव येतं आणि सोबत एक आकडा. १० आणि २० अशा दोन नोंदी असल्या तर आधी १०. तिथून प्रतिसाद नसेल तर २०. दोन्ही बंद असले तरी मेल लगेच परत जात नाही. पाठवणाऱ्याने चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असं मानक सांगतं. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. एखाद्या रात्री सर्व्हर बसला म्हणून ऑर्डर बुडत नाही.

एमएक्स फक्त येणारं टपाल बघतो. जाणाऱ्या टपालाची ओळख पटवायला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. घोळ बहुधा एसपीएफमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो ते सांगणाऱ्या नोंदीत होतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं की कुणीतरी दुसरी एसपीएफ नोंद टाकतो. डोमेनला ती एकच चालते. दोन दिसल्या की तपासणीच फसते आणि बिलं स्पॅममध्ये जाऊ लागतात. नवा प्रेषक आहे त्याच ओळीत जोडायचा.

ईमेलची खाती उघडताना हिशेब, विक्री अशा कामांचे पत्ते माणसांच्या पत्त्यांपासून वेगळे ठेवावेत. मुनीम नोकरी सोडून गेला तरी हिशेबाचा पत्ता नव्या माणसाकडे वळवता येतो.

आणि डोमेन पेढीच्याच नावावर हवं, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नाही. मुदत संपून ते दुसऱ्याने घेतलं, तर पुढचे मेल त्याच्याकडे जातील, पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा. रजिस्ट्रारकडे दिलेला संपर्काचा ईमेल मात्र याच डोमेनवरचा नसावा. डोमेन थांबलं, तर नूतनीकरणाची सूचनाही त्याच बंद पेटीकडे जाईल.