संरक्षक भिंतीचे रक्षण

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि महाराष्ट्रात नेमबाजीविषयी कुतूहलाची एक लाट येऊन गेली. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या यशाच्या वेळीही असेच घडले होते. अशा प्रसंगी नव्या रायफली, नवी निशाणयंत्रे, वातानुकूलित दालने यांची भाषा सुरू होते, आणि ती योग्यही आहे. मैदानाच्या टोकाला कित्येक वर्षे उभ्या असलेल्या जुन्या दगडी भिंतीचा उल्लेख मात्र कोणी करीत नाही. वस्तुतः मैदान सुरक्षित आहे की नाही, हे ठरविणाऱ्या पहिल्या गोष्टींत तिची गणना व्हावयास हवी.

नेमबाजीच्या मैदानाला आपल्याकडे चांदमारी असा जुना, सुरेख शब्द आहे. चांद म्हणजे गोल निशाण. अनेक शहरांत मैदान केव्हाच नाहीसे झाले आणि चांदमारी हे केवळ वस्तीचे नाव म्हणून उरले. अशी मैदाने करताना शक्यतो एखाद्या टेकडीचा आडोसा घेत. टेकडी नसेल तेथे मातीचा उंच बंधारा घालीत. गोळी जिरवायची ती मातीने. भिंतीचे काम ती माती जागच्या जागी धरून ठेवण्याचे. लांब पल्ल्याच्या जुन्या मैदानांवर निशाणाखाली खोल चर असतो. त्यात बसलेला मार्कर निशाण वर-खाली करतो आणि गोळी कोठे लागली ते काठीने दाखवितो. गोळ्या त्याच्या डोक्यावरून जातात. गोळ्या आणि तो यांच्यामध्ये मातीचा भराव असतो, आणि भराव व तो यांच्यामध्ये ही भिंत. नेमबाजाला ती दोनशे-तीनशे मीटरवरून दिसतही नाही. मार्कर मात्र तिला पाठ टेकून बसलेला असतो.

भिंत पडते ती दगड जुने झाले म्हणून नव्हे. आपला काळा पाषाण शतकानुशतके टिकतो. भिंत पडते ती मागच्या पाण्याने. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडा मुरूम भरलेला असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर त्याचा रेटा अंदाजे पावणेतीन टन येतो. तोच मुरूम पाण्याने काठोकाठ भरला आणि पाण्याला वाट मिळाली नाही, तर हा रेटा सहा टनांच्या घरात जातो. उंचीचा हिशेब तर आणखी कठोर आहे. भिंत दुप्पट उंच केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथविण्याची त्याची ताकद आठपट. म्हणूनच जुन्या भिंतीवर आणखी चार थर चढवून मैदान ‘सुरक्षित’ करण्याची कल्पना दिसते तितकी निरुपद्रवी नाही. विद्यार्थ्यांना विजेच्या धड्यातून ठाऊक असलेल्या कुलोमने या रेट्याचे गणित १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. तो पेशाने लष्करी अभियंता होता आणि मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची कित्येक वर्षे गेली होती. विजेकडे तो वळला तो पुढे. आधी त्याची गाठ मातीशी पडली होती.

गुरुकुंज मोझरीपासून अकोल्यापर्यंतच्या पट्ट्यात या गणितात काळ्या मातीची भर पडते. ज्या मातीने वऱ्हाडाला कापूस दिला, तीच बांधकामाची वैरीण आहे. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या भेगांतून सरळ खाली उतरतो. भिंतीच्या पाठीशी अशी माती भरलेली असेल, तर दरवर्षी ती भिंतीला एकदा ढकलते आणि एकदा सोडते. ढकललेली भिंत माती सुकल्यावर मागे येत नाही. वीस-पंचवीस पावसाळ्यांनंतर तिला पोट सुटते ते यामुळे. गावच्या गवंड्याला हे पोट लांबून दिसते. कार्यकारी मंडळाला ते पुष्कळदा भिंत आडवी झाल्यावरच दिसते.

पोट सुटलेल्या भिंतीवर केला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे सिमेंटने दरजा भरून घेणे. खर्च थोडा येतो, भिंत नवी दिसते आणि वार्षिक अहवालात एक ओळ वाढते. परंतु कोरड्या रचाईच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीत पाणी झिरपून बाहेर पडत असते ते या दरजांतूनच. त्या बुजविल्या की पाणी मागे कोंडते. गेली पन्नास वर्षे गळत-गळत उभी राहिलेली भिंत अशा ‘दुरुस्ती’नंतर दोन-तीन पावसाळ्यांत कोसळली, तर दोष वयाचा नव्हे, उपचाराचा आहे. वऱ्हाडातील गावोगावच्या पडक्या गढ्या पाहिल्या तरी मातीचा स्वभाव कळतो. बाहेरचे दगड-विटांचे कवच एका जागी निघाले की आतली पांढरी माती पावसागणिक ढासळत राहते.

अशा दुर्लक्षाची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने २०१९ च्या पावसाळ्यात चार दिवसांत तीनदा पाहिले. २९ जूनच्या पहाटे पुण्यातील कोंढवा येथे एका गृहसंकुलाची कुंपणभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जण दगावले. १ जुलैच्या रात्री पुण्यातच आंबेगाव येथे भिंत पडून सहा मजूर गेले. त्याच रात्री मुंबईत मालाडच्या टेकडीवरील जलाशयाच्या आवाराची भिंत मुसळधार पावसात फुटली आणि खालच्या वस्तीतील सुमारे तीस माणसे मृत्यू पावली. मालाडची भिंत तर जुनीही नव्हती. ती बांधून फार वर्षे झाली नव्हती. या तिन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. भिंत ज्यांची होती ते वर होते आणि मेलेले खाली. नेमबाजीच्या मैदानावरही हाच भेद आहे. भिंतीविषयी निर्णय घेणारे सभासद गोळीबाराच्या ओट्यावर असतात. तिच्या पायथ्याशी रोजंदारीवरचा मार्कर, गवत कापणारी बाई, संध्याकाळी शिशाच्या गोळ्या वेचायला शिरणारी मुले असतात.

तेव्हा भिंत बदलायची, असा निर्णय झाला असे समजू. या भागात लगेच ओठांवर येणारा शब्द म्हणजे श्रमदान. ते स्वाभाविक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि गाव स्वतःच्या हातांनी उभे करण्याची सवय या प्रदेशाला लावली. त्याही आधी, १९१४ पासून, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शरीरकष्टांना प्रतिष्ठा दिली होती. ज्या प्रदेशात दोनशे माणसे एका हाकेसरशी फावडी घेऊन येतात, तेथे ठेकेदाराचे अंदाजपत्रक उधळपट्टी वाटावे यात नवल नाही. पण पोट सुटलेली भिंत पायथ्याशी उकरणे हे श्रमदानाचे काम नव्हे. भराव आधी वरून उतरवावा लागतो, भिंत तुकड्या-तुकड्याने सोडवावी लागते, पाया काळ्या मातीच्या खाली पक्क्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. याला अभियंत्याचा नकाशा आणि त्याची देखरेख लागते. उत्साहाने भारलेल्या तरुणांची रांग भिंतीखाली उभी करणे म्हणजे कोंढव्याची तयारी करणे होय.

चांदमारीच्या मातीची आणखी एक अडचण आहे. वर्षानुवर्षे तीत शिसे साठलेले असते. आपल्या काळ्या मातीत चुन्याचा अंश असल्यामुळे शिसे तीत सहजासहजी विरघळत नाही, हे खरे. तरी पावसाच्या गाळाबरोबर त्याचे कण वाहत शेजारच्या नाल्यात जाऊ शकतात आणि उकरताना ते धुळीतून छातीत उतरतात. ही माती विद्यार्थ्यांच्या हातून उपसू नये, शेतात टाकू नये, रस्त्याच्या भरावालाही देऊ नये. ती चाळून शिसे वेगळे करावे आणि राहिलेली माती त्याच मैदानाच्या बंधाऱ्यात झाकून वापरावी. श्रमदानाला वाव पुढे पुष्कळ आहे: वरचे पाणी बाजूला वळविणारा चर खणणे, तो दर पावसाळ्याआधी उपसणे, बंधाऱ्यावर गवत लावणे, दगडांत रुजलेले पिंपळ काढणे. यांपैकी एकही काम एकदा करून संपत नाही, आणि श्रमदानाचा खरा कस तेथेच लागतो.

नव्या भिंतीच्या पाठीशी काळी माती नको. गिट्टी आणि मुरमाचा थर हवा, आणि त्यातून पाणी बाहेर काढणारी छिद्रे ओळीने हवीत. निशाणाच्या बाजूला दगड किंवा काँक्रीट उघडे ठेवू नये. कठीण पृष्ठावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेने उसळेल याचा नेम नसतो. म्हणून पुढून पुन्हा बिनखड्याची माती चढवावी लागते. या सगळ्याला वेळ लागतो, आणि वऱ्हाडात तो वेळ दिवाळी ते मे एवढाच असतो. जूनमध्ये अर्धवट उघडा पडलेला भराव हा जुन्या भिंतीपेक्षा अधिक धोक्याचा.

प्रश्न अखेर पैशाचा उरतो. सभागृहाला देणगीदार मिळतो, कारण सभागृहावर नावाची पाटी लागते. भिंतीमागच्या गिट्टीवर कोणाची पाटी लागणार? बहुतेक मंडळांच्या जमाखर्चात चषक, स्वागत आणि छपाई यांना स्वतंत्र खाते असते; जुन्या बांधकामाच्या बदलासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढणारे खाते क्वचितच आढळते. हिशेबतपासनीस त्याबद्दल विचारीत नाही, कारण न काढलेल्या रकमेची पावती नसते. असे खाते उघडण्याला कोणत्याही सरकारी परवानगीची गरज नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरे. ही सभा अनेक ठिकाणी पावसाळ्यातच भरते, हेही सोयीचेच आहे. सभासदांनी त्या दिवशी पावसाची सर ओसरल्यावर गोळीबार बंद असताना मैदानाच्या टोकापर्यंत चालत जावे, भिंतीच्या छिद्रांतून पाणी येत आहे की नाही हे पाहावे, आणि मग सभागृहात परतून अंदाजपत्रक हाती घ्यावे.