भंडारदऱ्याचा आकडा : नोंदवहीतून सर्व्हरपर्यंत

प्रवरेवर धरण उभं राहण्याआधी तिथं मोजणी सुरू झाली होती. १९०३ मध्ये आर्थर हिल यांनी भंडारदऱ्याच्या जागेची पाहणी केली आणि दगडी बांध घालून नदीचं पाणी मोजण्याची व्यवस्था केली. बांधकाम १९१० मध्ये सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी धरणाचं उद्घाटन केलं. धरणाला विल्सन यांचं नाव मिळालं, जलाशयाला हिल यांचं. तेव्हापासून पावसाळ्यात भंडारदऱ्याचा आकडा रोज निघतो. किती पाऊस पडला, किती साठा झाला, किती पाणी सोडलं, हे ओझर बंधाऱ्याखालच्या कालव्यांवरचा शेतकरी आजही चहाच्या आधी वाचतो.

मी सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम लिहितो. बाहेरून आलेली माहिती खरी मानायची की नाही, हे ठरवणं हा त्या कामातला सर्वांत जबाबदारीचा भाग आहे. धरणाच्या आकड्याची तपासणी शंभर वर्षांत कशी बदलत गेली हे पाहताना मला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, की आपण प्रोग्रॅमर मंडळी ज्या गोष्टी नव्याने शिकतो, त्यातल्या बऱ्याच पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीत आधीपासून होत्या.

पर्जन्यमापकाची जुनी रीत साधी. नरसाळ्यातून पाणी आतल्या बाटलीत जमतं, सकाळी ठरलेल्या वेळी ते मोजपात्रात ओततात आणि आकडा वहीत चढवतात. पण जुलैमध्ये भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या घाटघरला हे काम सोपं नसतं. चोवीस तासांत तीनशे मिलिमीटर पाऊस कोसळला तर मोजपात्र कितीतरी वेळा भरून रिकामं करावं लागतं, आणि एक खेप मोजायची राहिली की एका मोजपात्राएवढा पाऊस हिशेबातून जातो. ही चूक पकडायला यंत्र नव्हतं. ती पकडायचा तो तिथलाच माणूस, ज्याला नदीचा आवाज ठाऊक होता, ज्याने रात्रभर छपरावरचा मारा ऐकलेला होता. दुरुस्तीचाही नियम होता. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहायचा आणि आद्याक्षरी करायची. डेटाबेसमध्ये जुनी किंमत, नवी किंमत, कोणी बदलली आणि कधी बदलली हे ठेवण्यासाठी आज आम्ही जे वेगळे तक्ते करतो, ते सगळं त्या एका रेघेत होतं.

१९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली. पाऊस इंचांतून मिलिमीटरमध्ये गेला. धरणाचा साठा मात्र दोन्हीकडे राहिला. भंडारदऱ्याची क्षमता लोकांच्या तोंडी ११,०३९ दशलक्ष घनफूट (दलघफू) आहे, म्हणजे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट). सरकारी तक्त्यात हेच पाणी दशलक्ष घनमीटरमध्ये (दलघमी) लिहिलं तर साधारण ३१३ होतं. एका दलघमीत ३५.३१ दलघफू. विसर्गही कुठे क्युसेक (सेकंदाला घनफूट), कुठे क्युमेक (सेकंदाला घनमीटर). आकड्याबरोबर एकक आलं नाही, तर तो आकडा अर्धाच आलेला असतो. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झालं, ते एका बाजूचा प्रोग्रॅम पौंडांत आणि दुसऱ्या बाजूचा न्यूटनांत बोलत असल्यामुळे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच होते.

मोजणीच्या इतिहासात महाराष्ट्रासाठी खरं वळण आलं १९९५ मध्ये. जागतिक बँकेच्या साहाय्याने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. २००३ पर्यंत त्याचा पहिला टप्पा चालला, २००६ ते २०१४ दुसरा, आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाला मंजुरी मिळाली. नाशिक हे राज्यातलं या कामाचं केंद्र झालं. वह्यांतले आकडे ‘स्वडेस’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये भरले जाऊ लागले आणि पुढचं विश्लेषण डेल्फ्ट हायड्रॉलिक्सच्या ‘हायमॉस’मध्ये. या प्रकल्पाच्या मार्गदर्शक पुस्तिका माहितीची तपासणी शिकवण्यासाठी मला आजही कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकापेक्षा सरस वाटतात. तपासणी एका फटक्यात उरकायची नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. पहिली तपासणी मोजणीच्या जवळ, जिथं माणसाला अजून विचारता येतं. दुसरी वरच्या कार्यालयात, जिथं शेजारच्या केंद्रांचे आकडे हाताशी असतात. शेवटची राज्याच्या केंद्रात. मर्यादाही दोन प्रकारच्या. एक कमाल-किमान, जिच्या पलीकडे आकडा जाऊच शकत नाही. दुसरी इशाऱ्याची, जिच्या पलीकडे गेला तर थांबून पाहायचं. पाणीपातळीसाठी तर एका वेळेतून दुसऱ्या वेळेत ती किती चढू-उतरू शकते, याचीही मर्यादा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोजणीच्या जागेवरून आलेली मूळ माहिती एका डेटाबेसमध्ये, तपासून दुरुस्त केलेली दुसऱ्यामध्ये. मूळ माहितीवर हात फिरवायचा नाही.

त्याच १९९५ मध्ये, जूनमध्ये, रास्मस लर्डॉर्फ यांनी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेची पहिली आवृत्ती जाहीर केली. महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या संस्थांच्या, पतपेढ्यांच्या, महाविद्यालयांच्या कितीतरी वेबसाइट पुढे याच भाषेत उभ्या राहिल्या, म्हणून तिचीच कथा सांगतो. सुरुवातीला ही भाषा आल्यागेल्यावर विश्वास ठेवणारी होती. फॉर्ममधून आलेला प्रत्येक घटक आपोआप प्रोग्रॅममधला चल व्हायचा, त्यामुळे परक्या माणसाला प्रोग्रॅमच्या आतले चलही बाहेरून बदलता येत. ही सोय एप्रिल २००२ मध्ये मुळातूनच बंद ठेवली जाऊ लागली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढूनच टाकली. दरम्यान १९९८ मध्ये जेफ फॉरिस्टल यांनी, फॉर्ममधल्या मजकुरातून डेटाबेसला परके हुकूम कसे देता येतात, ते जाहीरपणे मांडलं. त्यावर उपाय म्हणून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप उलटी तिरकी रेघ घालायची युक्ती पीएचपीत होती. तिचा त्रास वसई-गोव्याकडच्या लोकांनी सोसला. डि’सूझा हे आडनाव दर वेळी जतन केलं की त्यात एक-एक रेघ वाढत जायची. तीही युक्ती ५.४ मध्येच गेली. २००५-०६ मध्ये हुकूम आणि माहिती वेगळी ठेवणारी पीडीओची सोय आणि आलेली किंमत तपासणारं ‘फिल्टर’ हे अंग भाषेत रुळलं, तेव्हा कुठे पाया नीट झाला.

पण चोर अडवणं ही तपासणीची एक बाजू. प्रामाणिक माणसाचा खरा आकडा वाटेत बिघडू न देणं ही दुसरी, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. पावसाच्या नोंदी साठवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिताना ती मी जवळून पाहिली. घाटघरचा माणूस मोबाइलवरून देवनागरी कीबोर्डने ‘१८५’ लिहितो. पीएचपीत तो मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला, तर उत्तर येतं शून्य. त्रुटी दिसत नाही, इशारा मिळत नाही. एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर पावसाचा दिवस कोरडा होऊन बसतो. तेच पायथॉनला सांगितलं तर ते देवनागरी आकडे ओळखून बरोबर एकशे पंच्याऐंशी देतं. जावाचा पूर्णांक वाचणारा भागही देतो. जावास्क्रिप्ट निदान ‘हा अंक नाही’ असं कळवतं. पीएचपीत आणखी एक खाच आहे. ‘फक्त अंकच असावेत’ असा नमुना युनिकोडच्या खुणेसह लिहिला, तर देवनागरी ‘१८५’ त्या तपासणीत उत्तीर्ण होतं आणि पुढच्याच ओळीत शून्य होतं. म्हणजे तपासणारा एक भाषा समजतो आणि साठवणारा दुसरी. उपाय किरकोळ आहे. आधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यायचे, मग तपासायचं, आणि जे तपासलं तेच साठवायचं.

स्वल्पविरामाचंही तसंच. पूर्ण भरलेल्या भंडारदऱ्याचा साठा इंग्रजी अंकांत, हजारानंतर स्वल्पविराम देऊन लिहिला आणि पीएचपीने तो थेट पूर्णांकात बदलला, तर स्वल्पविरामापाशी वाचन थांबतं आणि हातात अकरा उरतात. आता अकरा हा आकडा भंडारदऱ्याच्या बाबतीत इतका ओळखीचा आहे, की पाहणाऱ्याला वाटेल टीएमसीत लिहिलंय, बरोबरच आहे. चुकीच्या मार्गाने आलेलं बरोबर दिसणारं उत्तर पकडणं सर्वांत अवघड असतं. हीच किंमत ‘फिल्टर’च्या पूर्णांक तपासणीकडे दिली तर ती सरळ नाकारते, आणि लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे विचारता येतं.

मग शून्य. पाऊस पडला नाही, म्हणून माणसाने शून्य भरलं. पीएचपीत रकाना रिकामा आहे का हे विचारणारी सर्वांच्या सवयीची जी सोय आहे, तिला शून्य हाही रिकामाच वाटतो. फॉर्म परत येतो, ‘पाऊस भरा’ म्हणून. दोनतीनदा असं झालं की माणूस शून्याऐवजी काहीतरी छोटा आकडा टाकून सुटका करून घेतो. उलट बाजूने, मोजणीच झाली नाही म्हणून रकाना रिकामा सोडला, तर मजकुराचा अंक करताना त्याचा शून्य होतो. ‘पाऊस नाही’ आणि ‘नोंद नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी अशा एक झाल्या, की वर्षाची सरासरी बिघडते आणि ती का बिघडली हे नंतर कुणालाच शोधता येत नाही.

मर्यादांचा प्रश्न भंडारदऱ्याच्या पाणलोटाइतका स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेला नाही. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हवाई अंतराने चाळीसेक किलोमीटर पूर्वेला असलेल्या अकोले गावाला जवळपास त्याचा दहावा हिस्सा. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहायचा सरसकट नियम लावला तर घाटघरचा प्रत्येक खरा आकडा संशयित ठरेल. दूर शहरात बसून ‘दिवसाला दोनशेच्या वर पाऊस नको’ अशी मर्यादा घालणाऱ्याने सह्याद्रीचा माथा पाहिलेला नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच वेळी कुलाब्याला सत्तरच्या थोडा वर. दोन्ही नोंदी खऱ्या. एखाद्या कडक प्रोग्रॅमने त्या दिवशी मुंबईचा पूरच नामंजूर केला असता. अंटार्क्टिकावरच्या ओझोनबाबत असं घडलंही. नासाच्या उपग्रहाला आलेले फार कमी आकडे संशयित म्हणून बाजूला काढले जात होते, आणि १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने जमिनीवरच्या मोजणीतून ओझोनची घट जगापुढे मांडली. उपग्रहाचे ते आकडे खुणा करून जपलेले होते, फेकलेले नव्हते, म्हणूनच नंतर तपासून तेही खरे ठरवता आले. अशक्य आकडा नाकारावा, असंभाव्य आकडा खूण करून ठेवावा. या दोन्हींची गल्लत करणारा प्रोग्रॅम माझ्या मते तपासणी न करणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा वाईट, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

आवकेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. धरणात किती पाणी आलं हे बहुतेक वेळा थेट मोजलेलं नसतं. साठ्यातली वाढ आणि सोडलेलं पाणी यांवरून ते काढतात. मग ‘आवक वजा विसर्ग बरोबर साठ्यातली वाढ’ असा ताळा घातला तर तो नेहमीच जुळणार, कारण आवक त्यातूनच आलेली आहे. ताळ्याला स्वतंत्र पुरावा लागतो. वरच्या रतनवाडी-घाटघरचा पाऊस, खालच्या निळवंडे धरणात पोचलेलं पाणी, असा.

ही बारीक कटकट वाटेल, पण २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर या आकड्यांवर जिल्ह्यांचं पाणी ठरू लागलं. गोदावरी खोऱ्यातल्या समन्यायी वाटपावर मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला. १५ ऑक्टोबरला मराठवाड्याच्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशेब मांडायचा, असं त्या आदेशात ठरलं. त्या वरच्या धरणांत भंडारदरा आणि निळवंडे आहेत. नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यातला हा तंटा रस्त्यावर आला, न्यायालयात गेला. अशा वेळी अकोल्यातल्या आणि पैठणमधल्या शेतकऱ्याला एकाच आकड्यावर विश्वास ठेवता यायला हवा. तो आकडा कुठून आला, वाटेत त्याचं काय झालं, कोणी काय बदललं, हे दोघांनाही पाहता यायला हवं.

आता स्वयंचलित केंद्रं येत आहेत. नरसाळ्यात पान अडकलं की भर पावसात शून्य येतो, संवेदक अडकला की तीच पातळी तासन्‌तास येत राहते. हे दोन्ही आकडे कुठल्याही मर्यादेत बसतात, म्हणून कालमानाने पाहणारी तपासणी लागते. माणूस वहीत लिहायचा तेव्हा त्याला विचारता यायचं. यंत्राच्या बाबतीत तो प्रश्न प्रोग्रॅम लिहितानाच विचारून ठेवावा लागतो.

मराठी माणसांकडून माहिती घेणारा कुठलाही फॉर्म तुम्ही लिहीत असाल, पावसाचा, दुधाचा, कांद्याच्या आवकेचा, तर एवढं आजच करा. देवनागरीतला ‘१८५’, स्वल्पविरामासह लिहिलेला अकरा हजार एकोणचाळीस, नुसता शून्य आणि पूर्ण रिकामा रकाना, या चार गोष्टी आपल्या सर्व्हरकडे पाठवा आणि डेटाबेसमध्ये काय जाऊन बसलं ते उघडून पाहा.