शिडाखालचा हिशेब – ११ : धोंड्याचं पाण्यातलं वजन

गेल्या आठवड्यात साखळीच्या जाडीपाशी थांबलो होतो आणि या खेपेला मुंबई-अलिबागकडच्या मुरिंगचा, म्हणजे नाव पाण्यात बांधून ठेवायच्या कायमच्या सोयीचा, वर्षाचा खर्च मांडायचं कबूल केलं होतं. तो राहू द्या. मध्ये एक पत्र आलं आणि त्यातल्या एका ओळीनं मला थेट तिघऱ्याच्या धरणाच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. मुंबई कुठे पळून जात नाही.

पत्र ग्वाल्हेरचंच, लष्कर भागातल्या एका वाचकबाईंचं. त्यांच्या भाच्यानं अठरा फुटी, तळाला जड कील असलेली जुनी शिडाची नाव विकत घेतली आहे. भाचा म्हणतो, क्लबची फी नको, धक्का नको. तलावात एक धोंडा टाकू, त्याला दोर, दोराला बोया, बोयाला नाव. फुकटात काम. बाई विचारतात : ‘नाव पाचशे किलोची आहे. पाथरवटाकडून पाचशे किलोचा दगड आणला तर पुरेल ना? आणि मुळात ग्वाल्हेरसारख्या कोरड्या गावात शिडाची नाव ठेवणं हा निव्वळ शौक म्हणायचा की खूळ?’

दुसऱ्या प्रश्नाचं आधी बघू, कारण त्याचं उत्तर देताना मला मजा येते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला पाण्याचं वावडं आहे हा समज चुकीचा. माधवराव शिंद्यांच्या राज्यात शिवपुरीला मणियार नदी अडवून १९१८ साली सख्यासागर झाला आणि त्याच्या काठी बोट क्लब उभा राहिला. त्याच माधवरावांनी पहिल्या महायुद्धात पुढाकार घेऊन ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाची जुनी प्रवासी आगबोट विकत घेतली, तिचं इस्पितळ-जहाज केलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ती घेतली, नव्या कंपनीला सिंधिया हेच नाव दिलं आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. देशभर ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो या ग्वाल्हेरी बोटीमुळे. बंदरांतून त्या दिवशी भाषणं होतात, ग्वाल्हेरचं नाव क्वचितच कुणी घेतं. त्या बोटीचा शेवट मात्र आपल्या लेखमालेच्या विषयाला धरूनच झाला : धंदा जमेना, उभ्या बोटीचा खर्च सोसवेना आणि १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. उभी नाव पैसे खाते, मग ती अठरा फुटी असो की महासागर ओलांडणारी.

तेव्हा खूळ असेल तर ते शंभर वर्षांचं जुनं आहे. आता धोंडा.

पाचशे किलोच्या नावेला पाचशे किलोचा दगड, हा हिशेब इतका सरळ वाटतो की बहुतेक जण तोच करतात. त्यात दोन गफलती आहेत. पहिली ही की, मुरिंगवर ओढ नावेच्या वजनाची येत नाही, वाऱ्याची येते. नाव पाण्यावर तरंगते आहे, तिचं वजन पाणी पेलतं आहे. धोंड्याला झुंजायचं असतं ते मे-जूनच्या आंधीशी. अठरा फुटी नावेची वाऱ्याला अडणारी बाजू, डोलकाठी आणि दोऱ्या धरून, तीनेक चौरस मीटर समजा. ताशी नव्वद किलोमीटरचा वारा त्यावर सुमारे सव्वाशे किलोच्या जवळपास ओढ देतो. ही सलग ओढ. लाटेवर नाव उसळली की बसणारा हिसका वेगळा.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. पाथरवटाच्या काट्यावर पाचशे किलो भरलेला दगड पाण्यात पाचशेचा राहत नाही. आर्किमिडीज शाळेत सगळ्यांनीच पाठ केला, पण दगड विकत घेताना तो कुणाला आठवत नाही. आपल्याकडचा वाळूचा दगड पाण्याच्या सव्वादोनपट जड. त्याच्या आकारमानाएवढ्या पाण्याचं वजन वजा केलं की तळाशी पोचतो तो पावणेतीनशे किलोचा. काँक्रीट थोडं बरं, पाचशेतले दोनशे नव्वद उरतात. बिडाचं लोखंड मात्र पाचशेतले चारशे तीस राखतं.

पुढे घर्षण. गाळानं बुळबुळीत झालेल्या खडकावर ठोकळा आपल्या वजनाच्या चाळीस टक्क्यांएवढी ओढ सोसेल असं धरायला हरकत नाही. पावणेतीनशेचे चाळीस टक्के एकशे दहा. म्हणजे भाच्याचा धोंडा पहिल्याच खऱ्या आंधीत सरकायला लागणार आणि एकदा सरकायला लागलेला दगड थांबायचं नाव घेत नाही. लोखंड मात्र एकशे सत्तरपर्यंत टिकेल. दगड खोल गाळात रुतून बसला तर गोष्ट निराळी. चिखल त्याला धरून ठेवतो आणि पकड कितीतरी वाढते. पण आमच्याकडच्या तलावांत अनेक ठिकाणी हातभर गाळाखाली थेट खडक लागतो. गाळावर भरवसा ठेवण्याआधी बांबू खुपसून बघा.

आता तिघरा. कारण हाच हिशेब, याच जातीच्या दगडावर, एकदा फार मोठ्या प्रमाणात चुकलेला आहे.

शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर सांक नदीवर तिघऱ्याचं धरण आहे. ग्वाल्हेर आजही त्याचंच पाणी पितं. पहिली भिंत चुन्यात बांधलेल्या दगडाची, चोवीस मीटर उंच. अशी भिंत केवळ आपल्या वजनावर उभी असते, म्हणजे ती एक अवाढव्य धोंडाच. १९१७ च्या ऑगस्टात पूर आला, पाणी भिंतीवरून जवळजवळ मीटरभर उंचीनं वाहू लागलं आणि भिंतीचे दोन प्रचंड तुकडे जागचे ढकलले गेले. चिरा पडून ढासळले नाहीत, अख्खेच्या अख्खे सरकले. खालच्या गावांत शेकडो माणसं गेली. काही नोंदी हजार सांगतात. पायातल्या वाळूच्या दगडात पाणी मुरलं होतं, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. भिंतीखाली पाणी शिरलं की ते वर ढकलतं, भिंतीचं खरं वजन घटतं, घर्षण घटतं आणि मग मागच्या पाण्याचा रेटा पुरेसा होतो. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ साली फुटल्यावर इंजिनिअरांना या उचलीची धास्ती बसली होती, तरी तिचा हिशेब सर्रास व्हायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. तिघरा पुन्हा बांधून झालं ते १९२९ साली.

आम्ही मित्रमंडळी तिघऱ्याला सहलीला जातो तेव्हा मी हे सांगायला लागलो की लोक डबे उघडतात. चालायचंच. पण पाण्यातलं वजन आणि कोरडं वजन यांतला फरक ज्याला खरोखर समजून घ्यायचा असेल त्यानं त्या भिंतीवर उभं राहावं, एवढं माझं ठाम मत आहे.

मग स्वस्तात काय करायचं? भंगारात जायचं. जुन्या ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील ही माझ्या मते मुरिंगसाठी देवानं घडवलेली वस्तू आहे. बिडाचं, जड, चपटं, मधोमध भोक. शहरातल्या हजीऱ्याकडे भंगारवाल्यांच्या आवारात अशी चाकं गंजत पडलेली असतात आणि ती वजनावर मिळतात. दोन-तीन चाकं एकावर एक ठेवून भोकांतून जाड साखळी ओवायची आणि खालून आडवा लोखंडी दांडा घालून अडवायची. कडी वेल्ड करून लावू नका. पाण्याखालचं वेल्डिंग आतून कधी खाल्लं गेलं ते वरून दिसत नाही. ओवलेली साखळी निदान डोळ्यांना दिसते. सुमारे साडेतीनशे किलो लोखंड पाण्यात पाचशे किलो काँक्रीटच्या तोडीचं काम करतं, शिवाय चार माणसांना तराफ्यावरून नेता येतं, कारण चाकं सुटी सुटी असतात. दगडात वाचवलेले पैसे साखळीत आणि फिरत्या कडीत, म्हणजे स्विव्हलमध्ये, घाला. बारा मिलिमीटरची कडी घासून आठवर आली की ती अजून चांगली जाडजूड दिसते, पण तिच्यातलं निम्म्याहून जास्त लोखंड गेलेलं असतं. खाऱ्या पाण्यासारखा गंज इथे चढत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. साखळी खाते ती तळाशी लोळून होणारी घासण.

कोकणातल्या वाचकांना यात काही राहून गेल्यासारखं वाटेल : भरती-ओहोटी कुठे आहे? तीच तर गंमत. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, पण दिवसातून दोनदा, वेळापत्रकानं. भांगाच्या दिवसांत तेवढंही नाही. त्यातून पावसाळ्यात नावा ओढून शाकारून ठेवायची रीतच आहे. धरणात ओहोटी एकच आणि ती आठ महिने चालते. तिघरा भरलं म्हणजे पातळी ७४० फूट. उन्हाळ्याअखेर ती पंधरा-वीस फुटांनी खाली गेलेली असू शकते. उभ्या मापात हे फार वाटत नाही. पण धरणाचा काठ सपाट असतो. वीसाला एक असा उतार असेल आणि पाणी सहा मीटर उतरलं, तर किनारा एकशेवीस मीटर नावेकडे चालत येतो. ऑक्टोबरात भर पाण्यात डुलणारी नाव मे महिन्यात चिखलात कलंडलेली सापडते, आणि आंध्या येतात त्याही नेमक्या तेव्हाच. पुढे ऑगस्टात पाणी दोन-चार दिवसांत भसाभस चढलं की आखूड साखळी बोयालाच पाण्याखाली ओढते.

म्हणून जागा निवडायची ती जूनमध्ये, पाणी सर्वांत कमी असताना, आणि लांबी मोजायची ती भरलेल्या पातळीवरून. खाली जड साखळी कायमची. तिच्यावरचा दोर मात्र कमी-जास्त करता येईल असा ठेवायचा आणि महिन्यातून एकदा पाणी बघून तो घ्यायचा किंवा सोडायचा. पावसाळ्यात ग्वाल्हेरच्या पेपरांत तिघऱ्याची पातळी फुटांत छापून येते. शहराला प्यायचं पाणी किती उरलं ते कळावं म्हणून छापतात, पण नाववाल्यालाही ती तितकीच कामाची.

आता भाच्यानं नाव नेमकी कुठल्या पाण्यात टाकावी, हे मी सांगू शकत नाही. सख्यासागर विसरा : तो माधव राष्ट्रीय उद्यानात आहे, २०२२ पासून रामसर यादीत आहे आणि तिथे मगरी आहेत, बुडी मारून साखळी तपासायची सोय नाही. तिघरा पिण्याच्या पाण्याचं. तिथे काहीही टाकण्याआधी लेखी परवानगी हवी, आणि ती मागताना एक मुद्दा हाताशी असू द्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं भोपाळच्या मोठ्या तलावात क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितलं ते इंजिनांच्या प्रदूषणामुळे. शिडाला इंजिन नसतं. अर्जात हे ठळक लिहा, आणि मुरिंगला दगड-काँक्रीटऐवजी परत उचलून नेता येईल असं लोखंड वापरणार आहोत, हेही लिहा. परवानगी मिळालीच नाही तर नाव ट्रॉलीवर घराशेजारी ठेवा आणि सुट्टीत भोपाळला न्या. कीलवाली नाव उतरवणं कटकटीचं आहे, पण विनापरवाना मुरिंगपेक्षा ते स्वस्तच पडेल.

मुंबई-अलिबागचा खर्च पुढच्या आठवड्यात, निदान आज तरी तसा विचार आहे. दरम्यान ज्यांची नाव आधीच एखाद्या तलावात मुरिंगवर उभी आहे त्यांनी माझ्या पुढच्या लेखाची वाट बघू नये. पाऊस सुरू व्हायच्या आत वरचा शॅकल, म्हणजे पिनेची जोडकडी, उघडून बघा, कडीची जाडी कॅलिपरनं मोजा, आणि पीन परत बसवल्यावर तिला तार गुंडाळायला विसरू नका.