पावसानं उचललेला रिसीव्हर

सकाळी सहा. टेलिफोन एक्स्चेंजचं दार उघडलं की आधी बॅटरी. जुलैत ताम्हिणी घाटाच्या बाजूला रात्रीतून वीज किती वेळा गेली हे कुणाला विचारावं लागत नाही, हायड्रोमीटर सेलमध्ये घातला की कळतं. भरलेल्या सेलला १२०० च्या आसपास असणारा आकडा आज ११६० वर आहे. म्हणजे रात्रभर अंधारच होता. डिझेल इंजिन सुरू करतो आणि मग चहा.

दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, मिळून ४८ व्होल्ट. बाहेरची वीज फक्त बॅटरी भरायची, फोन चालतात ते बॅटरीवर. या बॅटरीची अधिक बाजू आम्ही जमिनीला जोडतो आणि उणे बाजू लाइनला देतो. असं का, हे मला एका जुन्या टेक्निशियननं पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं. तार जमिनीच्या मानानं उणे राहिली की ओल्या मातीत तिचं तांबं झिजत नाही. जगभर बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे, पण तिची खरी किंमत आमच्या खोऱ्यात राहून कळते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्याला वर्षभरात साधारण सातशे पडतो.

मी सांगतोय तो दिवस मात्र नव्वदच्या दशकातला. मुळशी खोऱ्यातलं एक छोटं एक्स्चेंज, कपाटाएवढं, १२८ पोर्टचं. गावचे ग्राहक आणि बाहेर जायच्या वाटा, सगळं त्यातच. सी-डॉटनं केलेलं हे यंत्र. ती संस्था १९८४ साली निघाली, ती उभी करणाऱ्या सॅम पित्रोदांनी त्यासाठी ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये मागितले होते. या जातीचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कित्तूरला, आपल्या बेळगावच्या शेजारी लागलं. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागायची. हे पंख्याशिवायही चालायचं आणि वीज गेली तरी बॅटरीवर तग धरायचं. आमच्यासारख्या ठिकाणी फोन पोचला तो या दोन गोष्टींमुळे. म्हणून या कपाटाबद्दल मला आदर आहे, आजही.

सात वाजता पहिली भानगड. घाटाच्या बाजूची एक लाइन पीजी दाखवतेय.

पीजी म्हणजे काय ते सांगायचं तर एक्स्चेंज दिवसभर काय करतं तेच सांगावं लागेल. लोकांना वाटतं ते आवाज पोचवतं. पोचवतंही, पण त्याचं मोठं काम बघत बसण्याचं आहे. रिसीव्हर ठेवलेला असतो तेव्हा लाइन तुटलेली असते, करंट वाहत नाही. उचलला की फोनच्या आत दोन्ही तारा जुळतात, लूप होतो आणि करंट वाहू लागतो. यंत्र दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक लाइनकडे वळून बघतं, करंट आहे का, नाही का. रात्री तीन वाजताही बघतं, महिनाभर ज्याचा फोन आला नाही त्याच्याकडेही बघतं. जुन्या चकतीच्या फोनवर तुम्ही पाच फिरवता तेव्हा लूप पाच वेळा तुटतो, सेकंदाला दहा ठोके या गतीनं. एका ठोक्यात दोन भाग तुटलेला, एक भाग जुळलेला. तो जुळलेला भाग जेमतेम ३३ मिलिसेकंदांचा. नजर त्याहून चपळ नसेल तर पाचाचे चार व्हायचे.

आता या ओल्या लाइनचं बघा. जॉइंटमध्ये पाणी शिरलं आणि दोन तारांमधून थोडा करंट पाझरू लागला. यंत्राला वाटलं, कुणी तरी रिसीव्हर उचलला. त्यानं डायल टोन दिला आणि आकड्यांची वाट बघितली. आकडे आलेच नाहीत. शेवटी लाइन बाजूला काढून ठेवली. हीच पीजी. तिकडे फोन जागेवर आहे, माणसं झोपलेली आहेत. रिसीव्हर उचलला तो पावसानं.

एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या केबलच्या जोड्या जिथे आतल्या तारांना भेटतात त्या चौकटीवर, मी ती जोडी काढली. यंत्रातलं त्या लाइनचं कार्ड गप्प झालं.

"काका, बिघाड बाहेरच आहे."

"तो असतोच बाहेर. छत्री दे तुझी, माझी काल उडाली."

लाइनमन काका निघाले. शिडी मागून येणाऱ्या पोरानं घेतली.

नऊ ते अकरा गर्दी. तालुक्याला, पुण्याला, दूध संघाला, दवाखान्याला. बाहेर जायच्या वाटा मोजक्या, त्यामुळे या वेळात कुणाला ना कुणाला एंगेज मिळतोच आणि तो पुढे माझ्यावर चिडतो. किती माणसांमागे किती वाटा ठेवाव्यात याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगनं १९०९ च्या सुमारास मांडायला घेतलं. वर्दळ मोजायचं एकक आजही त्याच्याच नावाचं आहे. पण चिडलेल्या माणसाला एर्लांग सांगून उपयोग नसतो. "दहा मिनिटांनी लावा, लागेल," एवढंच सांगतो.

दुपारी शाळेतली दोन पोरं यंत्र बघायला आली. एकाच तारेतून इतकी माणसं बोलतात तर आवाज मिसळत कसे नाहीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रहाट बघितलाय? गाडगी एकामागून एक वर येतात. समज, ३२ गाडग्यांचा रहाट आहे. एक गाडगं ताल धरायला, एक निरोपांना, उरलेली तीस बोलणाऱ्यांना. तुझ्या आवाजाची उंची यंत्र सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक माप आठ शून्य-एकांत लिहून तुझ्या गाडग्यात टाकतं. अख्खा फेरा १२५ मायक्रोसेकंदांत होतो, पुढच्या फेऱ्यात पुन्हा तुझं गाडगं येतं. एक्स्चेंजनं फक्त लक्षात ठेवायचं, सातवं गाडगं ओतायचं ते एकोणिसाव्याच्या पाटात, आणि एकोणिसावं सातव्याच्या. फोन जोडला म्हणजे एवढंच झालं, कुठलीही तार जागची हलली नाही.

पोरं बराच वेळ कपाटाकडे बघत राहिली. हलताना काही दिसत नाही म्हणून बहुधा हिरमुसली.

तीनला काकांनी खांबावरून टेस्ट फोन लावला. जॉइंट सापडला होता. त्यांनी तो कापून आणून माझ्या हातावर ठेवला. वरचं आवरण चिरलेलं, आत चमचाभर पाणी, आणि दोन तारांपैकी एक लख्ख, दुसरी हिरवीगार, नखानं खरवडली तर भुगा पडणारी. तारांच्या मध्येच पाणी शिरलं की उणे तार वाचते आणि जमिनीकडची, अधिक बाजूची, झिजते. सकाळी सांगितलेली ४८ व्होल्टची गोष्ट इथे तळहातावर दिसत होती. काकांना व्होल्टशी देणंघेणं नाही. ते म्हणाले, "हिरवी झाली की कापायची, पुसत बसायचं न्हाई."

नवा जॉइंट, नवं स्लीव्ह. मी एमडीएफवर जोडी परत लावली. करंट शून्य.

साडेसातला वीज पुन्हा गेली. दिवे गेले, यंत्राला काहीच कळलं नाही.

घाटाच्या त्या लाइनवर गावच्या दुकानातला पीसीओ होता. ज्या आजी रोज तिथे येतात त्यांचा मुलगा मुंबईत डबे पोचवतो. आमच्या मुळशी-मावळातली कितीतरी घरं त्या धंद्यावर उभी आहेत. संध्याकाळी चाळीखालच्या दुकानात तो फोनची वाट बघत थांबतो, हे काकांकडून माहीत. कालचा फोन लागला नव्हता.

पावणेआठला टर्मिनलवर ती लाइन जागी झाली. लूप. डायल टोन. पहिलं शून्य येताच यंत्रानं जाणलं, हे बाहेरगावचं, आणि पुण्याकडची एक मोकळी वाट धरली. दोन, दोन, मग पुढचे आकडे, एकेक पुढे जात राहिले. मुंबईत कुठल्या तरी एक्स्चेंजनं ७५ व्होल्टची घंटा पाठवली. इकडे आजींच्या कानात तिचा पडसाद, टर्र-टर्र, मग दोन सेकंद शांतता, पुन्हा टर्र-टर्र. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, लूप झाला, घंटा तत्क्षणी थांबली. दोन गाडगी एकमेकांच्या पाटाला लागली.

दुकानातल्या मीटरसाठी यंत्र मधूनमधून सोळा हजार हर्ट्झची टिचकी पाठवत होतं, माणसाच्या कानाला जवळजवळ न ऐकू येणारी. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नसतंच. मला टिचक्या तेवढ्या मोजता येत होत्या. सहा झाल्या आणि लूप तुटला. यंत्रानं वाट सोडली, गाडगी मोकळी केली आणि त्या लाइनकडे पुन्हा दर काही मिलिसेकंदांनी बघू लागलं.

वहीत लिहिलं : घाट लाइन, जॉइंट बदलला, ठीक. बाहेर पाऊस तसाच होता. बॅटरी ४७ व्होल्टवर आली होती, म्हणून इंजिनात डिझेल किती उरलंय ते बघायला उठलो.